मायावतीत मंदिर नाही

कुमाऊंच्या सहली काढणाऱ्या आपल्याकडच्या सर्व मंडळांना, ज्येष्ठ नागरिक संघांच्या सहलप्रमुखांना आणि आयोजकांना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की तुम्ही उन्हाळ्याच्या सहलींची जुळवाजुळव करायला घेता. नैनिताल, कौसानी, जागेश्वर, पाताळ भुवनेश्वर यांच्या जोडीला अलीकडं चंपावत आणि लोहाघाट ही नावंही कार्यक्रमांत दिसू लागली आहेत. टनकपूर ते पिथौरागड हा रस्ता रुंद झाल्यापासून त्या बाजूला गाडी नेणं सोपं झालं. आणि लोहाघाटला मुक्काम ठेवला की नऊ किलोमीटरवरचं मायावती कुणी सोडत नाही. माहितीपत्रकात ती ओळ बहुधा अशी असते: ‘सकाळी नाश्त्यानंतर मायावती आश्रम दर्शन, नंतर पुढे प्रयाण.’ या एका ओळीबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

मी मायावतीला पहिल्यांदा गेले ती अशाच एका सहलीतून. त्या मंडळाचं नाव सांगत नाही, कारण त्या पाऊण तासात मीही इतरांसारखीच वागले. आम्ही ३६ जण होतो. देवदारांच्या सावलीतून गाड्या वर चढल्या, थांबल्या आणि उतरल्या उतरल्या आमच्यातल्या एका काकूंनी पिशवीतून फुलांची पुडी आणि उदबत्त्या काढल्या. लोहाघाटच्या बाजारात सकाळी मुद्दाम उतरून घेतलेल्या. समोर नीट राखलेली बाग, तिच्यामागं उतरत्या छपराचं दुमजली घर. आम्ही गाभारा शोधत होतो. चपला कुठं काढायच्या, मूर्ती कुठल्या बाजूला, आरती किती वाजता, असं सात-आठ जण एकदम विचारत होतो. आतून एक तरुण संन्यासी आले. त्यांना तिकडं ‘महाराज’ म्हणतात. ते हिंदीत शांतपणे म्हणाले, “यहाँ मंदिर नहीं है.”

काकूंना ते पटेना. “मग आश्रम कसला?” असं त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या आणि मलाही उत्तर देता आलं नाही. फुलं परत कशी न्यायची म्हणून त्यांनी पुडी पायरीवर सोडली, एक उदबत्ती दगडांच्या फटीत खोचून पेटवली, डोळे मिटून हात जोडले. बाकीच्यांचे फोटो चालूच होते. महाराज काही बोलले नाहीत. आमची गाडी वळली तेव्हा मागच्या काचेतून मला दिसलं ते एवढंच: ते खाली वाकले, उदबत्ती काढून तिचं टोक मातीत विझवलं, फुलं ओंजळीत घेतली आणि बागेच्या वाफ्याकडं गेले.

त्यांनी तसं का केलं, हे कळायला मला दोन वर्षं लागली. त्यासाठी थोडं वाचावं लागलं, आणि रीतसर पत्र पाठवून, परवानगी घेऊन पुन्हा तिथं जाऊन राहावं लागलं. ते तुमच्या प्रवाशांना गाडीत बसण्यापूर्वीच कळावं, म्हणून हे पत्र.

इंग्रजी अमदानीतलं डोंगरावरचं घर कसं असायचं, हे आपल्याला महाबळेश्वर-माथेरानमुळं ठाऊक आहे. उंचावरची, झाडीतली, पाण्याजवळची जागा साहेब हेरायचा. व्हरांडा दरीकडं, धुराडं छपरावर, नोकरांच्या खोल्या मागं. त्यांतली बरीचशी घरं पुढं हॉटेलं झाली. मायावतीचं घर त्याच जातीचं. १८१५ साली गुरख्यांकडून कुमाऊं इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि पुढच्या काही दशकांत त्या उतारांवर चहाचे मळे उभे राहिले. लष्करातले अधिकारीसुद्धा जमिनी घेऊन मळेवाले झाले. मायावतीचा मळा जनरल मॅकग्रेगर नावाच्या अशाच एका साहेबाचा. उंची साधारण १,९४० मीटर, भोवती देवदार, बांज आणि बुरांश, उत्तरेचं आभाळ मोकळं असलं की नंदादेवी आणि त्रिशूळ डोळ्यांसमोर. म्हणजे मुळात हे घर देवासाठी बांधलेलं नाही, मालकानं स्वतःसाठी बांधलेलं आहे. ते संन्याशांच्या हाती आलं ते एका इंग्रज जोडप्यामुळं.

कॅप्टन जेम्स हेन्री सेव्हियर आणि त्यांच्या पत्नी शार्लट. कॅप्टन पूर्वी हिंदुस्थानात लष्करी नोकरी करून गेलेले. १८९६ साली, पन्नाशीच्या घरात असताना, या दोघांनी लंडनमध्ये विवेकानंदांची व्याख्यानं ऐकली. त्याच उन्हाळ्यात ते स्वामीजींना घेऊन स्वित्झर्लंडला गेले. आल्प्सचं बर्फ बघताना स्वामीजींनी मनातली एक गोष्ट बोलून दाखवली: हिमालयात एक मठ असावा, जिथं पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे लोक एकत्र राहून काम करतील. प्रवासात माणूस असं बरंच काही बोलतो. या दोघांनी ते बोलणं मनावर घेतलं. घरातलं सामानसुमान विकून टाकलं आणि वर्ष संपायच्या आत स्वामीजींबरोबर बोटीत बसले. १५ जानेवारी १८९७ ला विवेकानंद कोलंबोला उतरले आणि पुढं गावोगाव त्यांच्या मिरवणुका निघाल्या, हे आपण शाळेत शिकतो. त्या वेळी हे दोघंही त्यांच्या सोबत होते, हे कुणी शिकवत नाही.

मी पुण्याची आहे, त्यामुळं ते साल वाचताना मला दुसरंच काही आठवतं. १८९७ म्हणजे आमच्याकडं प्लेगचं वर्ष. रँडच्या हुकुमानं गोरे सोजीर घरोघरी शिरत होते. माझ्या पणजीनं पाहिलेला एक प्रसंग आमच्या घरात तीन पिढ्या सांगितला गेला आहे. सोजीर बूट न काढता देवघरापर्यंत आला, देवांचं ताम्हन पायानं बाजूला सारलं आणि घरातली अंथरुणं अंगणात आणून पेटवली. तिनं ते ताम्हन पुढं कधी पूजेला वापरलं नाही. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. मे १८९९ मध्ये येरवड्याला वासुदेव आणि बाळकृष्ण चापेकर फासावर गेले. दामोदर आदल्याच वर्षी गेले होते.

आणि मायावतीचा आश्रम सुरू झाला तो १९ मार्च १८९९ ला. जेमतेम दोन महिन्यांचं अंतर. एकीकडं आमच्या गावात गोरा माणूस म्हणजे ताम्हनाला लागलेला बूट, आणि त्याच वेळी दुसरीकडं त्याच फौजेतून निवृत्त झालेला एक कॅप्टन मळ्याचं घर विकत घेऊन त्यात संन्याशांबरोबर राहायला जातो. दुसऱ्या गोष्टीनं पहिली पुसली जात नाही, आणि ती पुसावी असं मला वाटतही नाही. पण पुण्या-मुंबईचे प्रवासी घेऊन जाताना या दोन तारखा तुम्ही एकत्र सांगितल्या, तर त्या घरात पाऊल टाकताना आपल्या माणसांचा आवाज आपोआप खाली येईल. माझा आला होता.

सेव्हियर तिथं मळेवाल्यासारखे राहिले नाहीत. ‘प्रबुद्ध भारत’ हे इंग्रजी मासिक १८९६ मध्ये मद्रासला सुरू झालं होतं. त्याचा तरुण संपादक वयाच्या २६ व्या वर्षी वारला आणि ते बंद पडलं. विवेकानंदांनी ते अल्मोड्याला पुन्हा उभं केलं. संपादक स्वामी स्वरूपानंद, व्यवस्था बघायला सेव्हियर. अल्मोड्याहून ते मायावतीला आलं, बरोबर हातानं चालवायचा छापखानाही आला. गाडीरस्ता नसलेल्या त्या डोंगरात खिळे जुळवायचे, फर्मे छापायचे आणि अंक टपालानं देशभर पाठवायचे. माझे वडील सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी होते, म्हणून मला यातली मेहनत कळते. थंडीत खिळे बोटांना चावतात, असं ते म्हणायचे, आणि ती पुण्याची थंडी. मासिक आजही निघतं.

कॅप्टनना तिथं फार दिवस मिळाले नाहीत. २८ ऑक्टोबर १९०० ला ते मायावतीतच वारले आणि त्यांचं दहन हिंदू पद्धतीनं झालं. विवेकानंद तेव्हा परदेशात होते. ते डिसेंबरमध्ये कोलकात्याजवळच्या बेलूर मठात पोचले आणि शार्लटबाईंना भेटायला म्हणून ऐन हिवाळ्यात निघाले. त्यांची स्वतःची तब्येत तोवर ढासळली होती, दम लागत होता. काठगोदामपासून ६५ मैल डांडीतून, म्हणजे माणसांनी खांद्यावर वाहायच्या खुर्चीतून, आणि पायी. वाटेत बर्फ. १९०० सालची शेवटची रात्र त्यांनी मोरनौल्याला धुरानं भरलेल्या एका झोपडीवजा दुकानात काढली. ३ जानेवारीला ते मायावतीला पोचले आणि १८ ला परत निघाले. बर्फामुळं पंधरवड्यातले बरेच दिवस घरातच, चुलाण्यातल्या विस्तवापाशी गेले.

तुम्ही तिथं सांगता, ‘विवेकानंदांनी इथं तपश्चर्या केली.’ कृपा करून असं सांगू नका. ते तिथं सांत्वनाला आले होते. नवरा गमावलेली बाई परक्या मुलखात एकटी आहे, तिला भेटून यावं, म्हणून आजारी माणूस बर्फातून चालत आला. आपण समाचाराला जातो ना, तसं. याहून मोठं काही जोडायची गरज नाही.

त्या पंधरवड्यातली एक हकीकत मला फार प्रिय आहे. एक दिवस जेवायला उशीर झाला. स्वामीजी चिडले, सगळ्यांवर ओरडले आणि तावातावानं थेट स्वयंपाकघरात गेले. तिथं आश्रमातले तरुण संन्यासी विरजानंद धुरात डोळे चोळत ओल्या लाकडांवर फुंकर मारत होते. ते बघून काही न बोलता परत फिरले. ताट आलं तेव्हा मात्र रुसले, नको म्हणाले. विरजानंद ताट घेऊन तसेच उभे राहिले. मग स्वामीजी जेवायला बसले आणि दोन घास पोटात गेल्यावर म्हणाले, आता कळलं मी का चिडलो होतो, मला फार भूक लागली होती. आपल्या घरातल्या माणसासारखे वाटतात की नाही? प्रवाशांना हे सांगा. स्वयंपाकघरातल्या ओल्या लाकडांची गोष्ट लोक विसरत नाहीत.

आता मंदिराबद्दल. आश्रम सुरू करतानाच विवेकानंदांनी लिहून दिलं होतं की इथं केवळ अद्वैत, म्हणजे आपण आणि देव वेगळे नाहीत हा विचार, शिकायचा आणि आचरायचा. मूर्ती, फोटो, पूजा, नैवेद्य यांतलं काही नाही. बाकीच्या मठांतून हे सगळं असतं आणि त्याला त्यांचा विरोध नव्हता. बेलूरला तर रामकृष्णांची पूजा त्यांनी स्वतः केली. पण एक जागा तरी अशी असावी, जिथं माणसानं कशाचाही आधार न घेता उभं राहून बघावं, असं त्यांच्या मनात होतं. तरीही आश्रमातल्या काहींना राहवलं नाही. एका खोलीत रामकृष्णांचा फोटो ठेवून फुलं-धूप सुरू झालं होतं. १९०१ च्या त्या मुक्कामात एका सकाळी स्वामीजींच्या ते नजरेस पडलं. त्या क्षणी ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी विस्तवापाशी सगळे जमले तेव्हा मात्र त्यांनी स्पष्ट शब्दांत नापसंती सांगितली. पण खोली मोडा असा हुकूम दिला नाही. ज्यांनी मांडलं त्यांनीच समजून आवरावं, ही अपेक्षा. पूजा थांबली आणि पुढं ती खोलीही उठवली गेली. बेलूरला परतल्यावर ते म्हणाले होते की एका ठिकाणी तरी रामकृष्णांची बाह्य पूजा नसावी असं वाटत होतं, पण म्हातारबुवा तिथंही जाऊन बसलेच. त्यांच्या गुरूंबद्दल हे बोलण्याचा हक्क त्यांनाच होता.

एका संन्याशाच्या मनातून मात्र शंका गेली नाही. ज्या गुरूच्या नावानं घर सोडलं त्यालाच घरात जागा नाही? त्यांनी थेट सारदा देवींना पत्र लिहून विचारलं. रामकृष्णांच्या पत्नी त्या, रोज त्यांच्या फोटोची पूजा करणाऱ्या. १९०२ मध्ये त्यांचं उत्तर आलं. त्याचा आशय असा, की आपले गुरू अद्वैतीच होते आणि तुम्ही त्यांची मुलं, तेव्हा तुम्हीही अद्वैतीच. विषय तिथं मिटला. सव्वाशे वर्षं होत आली. त्या घरात मूर्ती नाही, तसबिरीपुढं फूल नाही, घंटा नाही.

पायरीवरची उदबत्ती महाराजांनी का काढली, हे मला इथं कळलं. आणि आम्ही वळेपर्यंत का थांबले, हेही. हुकूम करायचा नाही, ज्यानं मांडलं त्याला ओशाळं करायचं नाही, ही रीत त्या घरात १९०१ पासून चालत आलेली आहे.

आपल्या माणसांना यात परकं काही वाटायला नको. अद्वैत हा शब्द ज्ञानेश्वरांनी आपल्या उंबऱ्यात आणून ठेवलेला आहे, आणि विटेवरच्या मूर्तीशी त्यांनी भांडणही केलं नाही. वारी करणारा माणूस मायावतीला गेला तर त्यानं पंढरपूर सोडावं असं तिथं कुणी म्हणत नाही. फक्त त्या आवारात रिकाम्या हातानं यायचं. हे आधी सांगितलं की माणसं समजून घेतात. गाडीतून उतरल्यावर कळलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटतं, आणि तो राग त्या संन्याशांवर निघतो.

महाराष्ट्राशी जोडलेली आणखी एक गोष्ट याच पंधरवड्यातली. बर्फानं अडकून पडलेले असताना स्वामीजींनी ‘प्रबुद्ध भारत’साठी काही लेख लिहिले. त्यातला एक न्यायमूर्ती रानड्यांच्या सामाजिक परिषदेच्या भाषणाला उत्तर देणारा होता. संन्याशांच्या बाबतीत रानड्यांनी मांडलेलं मत स्वामीजींना खटकलं होतं आणि त्यांनी ते तिखटपणे खोडून काढलं. त्याच दिवसांत, १६ जानेवारी १९०१ ला, मुंबईत रानडे वारले. मायावतीहून स्वामीजी निघाले ते त्यानंतर दोनच दिवसांनी. मी दुसऱ्या खेपेला तिथं गेले तेव्हा हा लेख बरोबर नेला होता, आणि बागेतल्या बाकावर बसून वाचला. मला रानड्यांची बाजू आजही अधिक पटते. पण दोन मोठी माणसं इतक्या लांबून, इतक्या गांभीर्यानं एकमेकांशी वाद घालत होती याचं मोल वाटलं. सहलीत एखादा वाचणारा माणूस असतोच. त्याला हे जरूर सांगा.

शार्लट सेव्हियर यांचं नाव मात्र प्रत्येकाला सांगा. नवरा गेल्यावर त्या इंग्लंडला परतल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. त्या राहिल्या. १९१६ पर्यंत. आश्रमातले सगळे त्यांना आई म्हणायचे. विवेकानंद १९०२ मध्ये गेले, स्वरूपानंद १९०६ मध्ये गेले. घर चालवायला, हिशेब बघायला, लेख तपासायला त्या होत्या. भगिनी निवेदिता, जगदीशचंद्र बोस आणि अबला बोस त्यांच्याकडं येऊन राहून गेले. विवेकानंदांच्या समग्र वाङ्मयाचे पहिले खंड १९०७ पासून मायावतीहूनच निघाले, आणि त्यांचं मोठं चरित्रही इथूनच बाहेर पडलं. आज आपल्याकडं कुणीही विवेकानंदांचं वाक्य भिंतीवर लावतो, ते वाक्य या ना त्या वाटेनं त्या घरातून आलेलं असतं. शार्लटबाई १९३० मध्ये इंग्लंडला वारल्या. आमच्या सहलीत त्यांचा उल्लेख एकदाही झाला नाही.

आवारातच एक रुग्णालय आहे, तिकडं तुमच्या गाड्या वळतच नाहीत. १९०३ साली धर्मादाय दवाखाना म्हणून ते सुरू झालं. उपचार विनामूल्य. मी दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा सकाळी बाहेरच्या कट्ट्यावर बसले होते. एक आजी आल्या. डोक्यावरून घेतलेला ओढणीचा पदर, पायात प्लास्टिकचे बूट, एका डोळ्यावर कापसाचा बोळा. किती लांबून आलात, विचारलं. डोंगराकडं हात करून म्हणाल्या, पहाटे निघाले. आतून हाक आली तसे त्यांनी कनवटीतून एक घडी काढली, ती उलगडली, त्यात जुना केसपेपर. घडीवर घडी पडून कागद चौकटी-चौकटींनी फाटायला आला होता, त्याला मागून शिवणयंत्राच्या दोऱ्यानं टाके घातलेले. केसपेपर शिवून ठेवलेला मी जन्मात पाहिला नव्हता. त्या आत गेल्या. तेवढ्यात खाली एक बस थांबली आणि स्पीकरवरचं गाणं वर कट्ट्यापर्यंत ऐकू आलं. बस कुठल्या राज्यातली ते मी बघायला गेले नाही.

तर माझं मागणं असं. एक तर मायावतीला पाऊण तासाचा ‘पॉइंट’ करू नका. वेळ नसेल तर सरळ वगळा. लोहाघाट-चंपावतला बघण्यासारखं पुष्कळ आहे, चंपावतचं बालेश्वराचं मंदिर तर दर्शनाला उत्तमच. ज्यांना मूर्ती हवी त्यांना तिथं न्या, समाधान होईल. मायावतीला न्यायचं असेल तर सकाळचे दोन-तीन तास हाताशी ठेवा आणि ३६ माणसं एकदम आत सोडू नका. आठ-दहांचे गट करा, बाकीच्यांनी तोवर देवदारातून चालावं. आश्रमाला आधी पत्र किंवा ईमेल पाठवून दिवस आणि माणसांचा आकडा कळवा, आणि ते ‘त्या दिवशी नको’ म्हणाले तर वाद घालू नका. तो कुणाच्या तरी राहण्याचा, कामाचा दिवस असतो. आम्ही गेलो तेव्हा आमच्या व्यवस्थापकानं महाराजांना विचारलं होतं, “चहा-नाश्त्याची काही सोय?” मला ते आठवलं की अजून कानकोंडं होतं. ते घर एके काळी साहेबाचं होतं, मागं नोकर असायचे, हाक मारली की चहा यायचा. आता तिथं भांडी घासणाराही संन्यासीच असू शकतो.

गाडीतला स्पीकर लोहाघाट सोडतानाच बंद करा. आणि मुक्कामाच्या आदल्या रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांना एकत्र बसवून वीस मिनिटं ही हकीकत सांगा. मंदिर नाही, हे पहिलं वाक्य. ते माहितीपत्रकातसुद्धा छापा. ‘दर्शन’ हा शब्द काढून ‘भेट’ लिहा, एवढी एक दुरुस्ती केलीत तरी पुष्कळ फरक पडेल. ज्यांना काही ठेवल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांना रुग्णालयाचा रस्ता दाखवा. पावती मिळते.

तुमच्यातले बरेच जण म्हणतील की प्रवासी ऐकत नाहीत. मी ३० वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आहे. कारण सांगितलं की माणसं ऐकतात, नुसती सूचना सांगितली की ऐकत नाहीत. ‘शांतता राखा’ ही पाटी कुणी वाचत नाही. पण नवरा गेलेल्या बाईला भेटायला आजारी माणूस या वाटेनं बर्फातून आला होता असं सांगितलंत, तर पुढचा चढ लोक न बोलता चढतील.

पुण्यात किंवा आसपास तुमची सहलीआधीची बैठक असेल तर मला बोलवा. मानधन नको, येण्याजाण्याचा खर्च नको. घराचे, बागेचे, धरमघरच्या वाटेचे काही फोटो माझ्याकडं आहेत. धरमघर म्हणजे त्या आवारातली सगळ्यांत उंच जागा, तिथवर स्वामीजी चालत गेले होते. घराच्या आतले फोटो नाहीत, मी काढले नाहीत.

उदबत्ती लावणाऱ्या त्या काकू माझ्या शेजारच्याच इमारतीत राहतात. हे सगळं मी त्यांना मागच्या श्रावणात सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, “त्यांनी मला तेव्हाच का नाही सांगितलं?” एप्रिलमध्ये त्या माझ्याबरोबर येणार आहेत. त्यांच्या मुलीचं औषधांचं दुकान आहे. रुग्णालयाला कुठली औषधं आणलेली चालतील, असं आम्ही पत्रानं विचारलं आहे. उत्तर आलं की खोकी बांधायला घेऊ.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे